कुलूप लावलेलं घर आणि मतदार यादी : पाटोदा तालुक्यातल्या एका कुटुंबाचं प्रकरण

१३ मे २०२४. बीड लोकसभेच्या मतदानाचा दिवस. दुपारी साडेबाराच्या सुमारास काकू माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, पदराने घाम पुसला आणि मतदार ओळखपत्र माझ्यापुढे धरलं. "बाई, हे बघा. कार्ड हाय, फोटू हाय. यादीत मात्र न्हाई म्हणतेत. मव्हं नाव कामून काढलं?"

त्यांचं एकटीचं नाव गेलेलं नव्हतं. थोरला मुलगा, थोरली सून आणि धाकटा मुलगा यांचीही नावं गेली होती. एका घरातली चार नावं, चारही एकाच कारणाखाली : स्थलांतरित.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीत असताना बरीच वर्षं मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून, म्हणजे सगळे ज्याला बीएलओ म्हणतात ते काम, शेजारच्या गावात केलं. त्यामुळे याद्या कशा तयार होतात, घरोघरी फिरताना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला आतून माहीत आहे. या घराचे अर्ज मीच भरून दिले आणि सुनावणीलाही सोबत गेले. पाच महिने चाललेलं हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण बीड जिल्ह्यात असं घर एकच नाही. कुटुंबाचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

कुटुंब ऊसतोडीचं. दोन कोयते, म्हणजे दोन जोड्या. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून थोरला आणि त्याची बायको हा एक कोयता, धाकटा आणि काकू हा दुसरा. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळी झाली की ट्रकमध्ये बिऱ्हाड भरायचं, शिरोळ-हातकणंगल्याकडच्या उसाच्या फडांवर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालायची आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. काकूंच्या सासूच्या काळापासून हेच चाललेलं आहे. गावात दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दीड एकर कोरडवाहू, दारात कडुलिंब. २०२३ च्या हिवाळ्यात याद्यांच्या पुनरीक्षणासाठी बीएलओ गावात फिरले तेव्हा या घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, "ते गेले कोल्हापूरकडं." ती खरंच बोलली होती.

यादीत नाव येण्यासाठी काय लागतं

कायदा वाचला तर अटी थोड्याच आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार प्रौढ मताधिकार : भारताचा नागरिक असावा आणि वय १८ पूर्ण असावं. आधी हे वय २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ मध्ये १८ वर आलं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चं कलम १९ यात एकच गोष्ट जोडतं : ती व्यक्ती त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारी असावी. कलम १६ अपात्रता सांगतं : नागरिक नसणं, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेलं असणं, किंवा निवडणुकीतल्या भ्रष्टाचार आणि गुन्ह्यांसंबंधीच्या कायद्याखाली मतदानास अपात्र ठरलेलं असणं. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच, हे कलम १७ आणि १८ मध्ये आहे.

जमीन, घर, शिक्षण, करभरणा यांतलं काहीही लागत नाही. १९३५ च्या कायद्याखालच्या निवडणुकांत मत या सगळ्यावर अवलंबून होतं. काकूंच्या आजेसासूला त्या वेळी मत असणं शक्यच नव्हतं. स्वतंत्र भारताने ते कुंपण एका झटक्यात काढून टाकलं, आणि मला आजही ही आपल्या देशाने केलेल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते.

म्हणजे नागरिकत्व, वय आणि राहणं. काकूंच्या घरात पहिल्या दोन गोष्टींबद्दल कुणालाच शंका नव्हती. सगळं अडलं ते राहण्यावर.

एक शब्द, दोन अर्थ

सरकारी कागदावर ऊसतोड कामगाराला 'स्थलांतरित कामगार' म्हणतात. त्याच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर होतं तेव्हा त्या आदेशातही 'स्थलांतरित पालकांची मुले' असंच लिहिलेलं असतं. मी स्वतः शाळेत अशा मुलांच्या याद्या केल्या आहेत. तिथे या शब्दाचा अर्थ असतो : जातात आणि परत येतात. म्हणून तर वसतिगृह लागतं. कायमचे गेले असते तर मुलंही गेली असती.

मतदार यादीच्या कामातही हाच शब्द आहे. अनुपस्थित, स्थलांतरित, मयत अशा तीन प्रकारांत न सापडलेल्या मतदारांची यादी होते. तिथे 'स्थलांतरित'चा अर्थ बिऱ्हाड उचलून दुसरीकडे राहायला गेलेला, इथला आता न राहिलेला. शब्द एक, आणि अर्थ अगदी उलटे. फिरणारा माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. शाळेच्या रजिस्टरात जो शब्द तो रोज लिहितो, तोच यादीच्या रकान्यात लिहितो. शेजारीण म्हणते 'गेले', आणि हात आपोआप 'स्थलांतरित'वर जातो. त्या बीएलओंनी कुणाचं वाईट चिंतून हे केलं असं मला वाटत नाही. माझ्याही हातून त्या काळात अशा खुणा झाल्या असतील, आणि हे प्रकरण हातात घेतल्यापासून तो विचार मला सोडत नाही.

कायदा मात्र या बाबतीत स्वच्छ आहे. कलम २० सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. त्याच्याच पुढचं पोटकलम सांगतं की आपल्या नेहमीच्या राहण्याच्या जागेपासून तात्पुरता दूर गेलेला माणूस तेवढ्यामुळे तिथला रहिवासी नाही असं होत नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचावीत. पुण्यात कायमचा स्थायिक होऊन गावी नुसता वाडा बाळगणारा माणूस गावचा मतदार नाही, आणि दरवर्षी पाच महिने फडावर असणारी काकू गावचीच मतदार आहे. प्रश्न पडलाच, तर त्या प्रकरणातल्या सगळ्या वस्तुस्थितीचा विचार करून तो सोडवायचा, असंही त्याच कलमात आहे. कुलूप हा वस्तुस्थितीचा एक तुकडा झाला, सगळी वस्तुस्थिती नव्हे.

'सर्वसाधारणपणे राहणं' म्हणजे काय यावर मोठमोठ्यांचेही वाद झाले आहेत. डॉ. मनमोहन सिंग आसाममधून राज्यसभेवर गेले तेव्हा गुवाहाटीतलं भाड्याचं घर हा त्यांचा पत्ता होता आणि ते खरोखर तिथले रहिवासी आहेत का, हा प्रश्न गुवाहाटी उच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ च्या त्या निकालात न्यायालयाने या शब्दांचा अर्थ असा लावला की ते राहणं नेहमीचं, कायम स्वरूपाचं असावं, सहजगत्या किंवा प्रासंगिक नसावं, आणि समंजस माणसाला ही व्यक्ती इथली आहे असं पटावं. हे मी काकूंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग गावात कुणालाबी इचारा, मी कुठली ते." कसोटी त्यांना एका वाक्यात कळली होती.

दुसरा मुद्दा नाव कमी करण्याच्या पद्धतीचा. कलम २२ नुसार माणूस तिथे राहत नाही या कारणाने नाव काढायचं असेल तर त्याला आधी आपलं म्हणणं मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू भक्कम केली. मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या लोकांना नागरिकत्व सिद्ध करा अशा नोटिसा गेल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या बाबतीत ते नाव नीट तपासूनच घातलं असणार असं धरून चालायचं, आणि ते चूक आहे हे दाखवण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर. तो वाद नागरिकत्वाचा होता, काकूंचा राहण्याचा. पण त्यामागचा विचार एकच आहे : यादीतलं नाव ही अशी वस्तू नाही की न विचारता उचलून ठेवावी.

नोटीस काढली होती का, असं मी कार्यालयात विचारलं. दारावर चिकटवली होती, असं उत्तर मिळालं. डिसेंबरात, कुलूप लावलेल्या दारावर. घरचे त्या वेळी तीनशे किलोमीटर दूर मोळ्या बांधत होते. एप्रिलमध्ये ते परत आले तोवर त्या कागदाचा मागमूसही नव्हता. शिवाय काकूंना वाचता येत नाही.

नाव कमी करण्याच्या आदेशाविरुद्ध कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, पण त्याला १५ दिवसांची मुदत असते. ती केव्हाच उलटून गेली होती. उशीर माफ करून घेण्याची खटपट करण्यापेक्षा चौघांचे नव्याने नमुना ६, म्हणजे नाव नोंदवण्याचे अर्ज, भरावेत, असं ठरवलं. आणि नावासाठी भांडण्याइतकंच पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा जाऊ नये याची तजवीज करायची होती.

धाकटी सून

आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात धाकट्याचं लग्न झालं आणि घरात पाचवं माणूस आलं. सून केज मतदारसंघातल्या एका गावची, बारावी झालेली, तीही ऊसतोडीच्याच घरातली. तिचा जन्म कोपीतला. तिची आई सांगते मार्गशीर्षातला, ऐन हंगामातला. जन्माची नोंद कुठेच झाली नाही, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून २००६ लिहिली. आमच्याकडे एक जूनला वाढदिवस असलेली माणसं गावोगाव आहेत. शाळेत घालायला वय पुरं पडावं म्हणून ती तारीख पडायची. खरा जन्म कधीचा, हे विचारून आता उपयोग नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे ती तारीख.

त्या तारखेने ती २०२४ च्या १ जूनला १८ वर्षांची झाली. पूर्वीची पद्धत असती तर तिला विधानसभेला मत मिळालं नसतं. तेव्हा वर्षात एकच अर्हता दिनांक होता, १ जानेवारी. त्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं. २०२१ च्या दुरुस्तीने चार अर्हता दिनांक आले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. ऑगस्ट २०२२ पासून ते लागू आहेत, आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणून १ जुलै २०२४ या अर्हता दिनांकाने ती पात्र झाली.

मी तिचाही नमुना ६ भरायला घेतला. प्रतिज्ञेच्या ओळीशी आल्यावर, या आधी कुठे नाव नोंदवलंय का असं तिला विचारलं. ती आधी नाही म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "कॉलेजात एकदा फॉर्म भरून घेतला होता, बाई. सगळ्या पोरींचा." बारावीत असताना कॉलेजच्या शिबिरात तिचा आगाऊ अर्ज गेला होता. ऑनलाइन शोधलं तर केज मतदारसंघाच्या यादीत, माहेरच्या पत्त्यावर, तिचं नाव आलेलं होतं.

इथे क्षणभर काळजात धस्स झालं. तो नमुना ६ तसाच गेला असता तर तिने खोटं प्रतिज्ञापन केलं असा त्याचा अर्थ झाला असता, आणि कलम ३१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावोगाव अशा दुबार नोंदी होतात त्या बहुतेक याच वाटेने : कुणीतरी कॉलेजात भरून घेतलं, कुणीतरी सासरी भरून घेतलं, आणि जिच्या नावाने भरलं तिला कुणी काही विचारलंच नाही. नाव यादीत असेल आणि राहण्याची जागा बदलली असेल तर नमुना ८ भरायचा असतो. मग माहेरचं नाव तिथून निघून सासरच्या यादीत येतं.

"उद्या नमुना आठ भरू," असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू सकाळीच ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टीचा नमुना आठ घेऊन आल्या. गावात नमुना आठ म्हणजे तोच. घराच्या आकारणीचा उतारा. काकूंनी वीस रुपये आणि अर्धा दिवस खर्च करून आणलेला तो कागद मी परत दिला नाही. तो फाइलमध्ये पत्त्याच्या पुराव्यासोबत लागला, आणि सुनावणीत उपयोगीही पडला.

सुनेच्या अर्जावर गावात आणि तालुक्यात तीन हरकती निघाल्या, सगळ्या तोंडी. लग्न होऊन महिनाच झालाय, सहा महिने राहिल्याशिवाय नाव लागत नाही. सासरच्या रेशनकार्डावर नाव नाही. आधारवर बापाचं नाव आहे, आधी नाव बदलून आणा.

पहिली हरकत इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे ऐकायला मिळते की खरीच वाटावी. पण कलम १९ मध्ये किमान इतके महिने राहिलं पाहिजे अशी कोणतीही अट नाही. लग्न होऊन सासरी राहायला आली, संसार इथे आहे, इतकं पुरे. रेशनकार्ड सक्तीचं नाही. पत्त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या नावचा कागद चालतो, आणि कागदच नसतील तर प्रत्यक्ष जागेवर येऊन खात्री करून घ्यायची असते. तिसऱ्या हरकतीने मात्र मला राग आला. लग्न झालं म्हणून बाईने नाव बदललंच पाहिजे असं कुठलाच कायदा सांगत नाही. अर्जात नात्याचा रकाना असतो, तिथे पतीचं नाव लिहिता येतं, आणि तिचं स्वतःचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच राहतं. मी तिलाच विचारलं, तुला कसं हवंय? "हाय तसंच राहू द्या. प्रमाणपत्रावर तेच हाय."

या नावाच्या गोष्टीला आपल्या देशात मोठा इतिहास आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, असंख्य बायकांनी परक्या माणसाला आपलं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्पष्ट केलं की मतदाराचं स्वतःचं नाव हवंच. ज्यांनी ते दिलं नाही अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. कठोर निर्णय होता, पण त्यातून एक गोष्ट कायमची ठरली : मतदार यादीत बाई स्वतःच्या नावाने उभी राहते. सत्तर वर्षांनी पाटोद्यातल्या एका सुनेला, नवऱ्याचं नाव लावल्याशिवाय यादीत येता येणार नाही, असं सांगितलं जावं हे मला सहन होईना.

मग शिरोळला का नाही?

सुनावणीच्या आधी थोरल्या मुलाने विचारलेला हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "बाई, वर्षातले पाच-सहा महिने आम्ही तिकडंच असतो. तिकडंच नाव लावलं तर? मतदान कधी का होईना, निदान एका टायमाला तरी सापडू."

प्रश्न रास्त होता, म्हणून त्याच्यासोबत बसून नीट विचार केला. मागच्या तीन हंगामांत तो कुठे-कुठे होता ते त्याने बोटांवर मोजलं : दोन वर्षं शिरोळ, त्याआधी कर्नाटकात बेळगावकडे. मुकादम बदलला की कारखाना बदलतो. एका हंगामातही फड संपला की कोपी हलते. रेशन गावचं, पोरांची शाळा गावची, आजारी पडून उठवेनासं झालं की परत येणं गावात, आणि तिकडे कुणी वारलं तरी माती गावात. कोल्हापूरला तो कामाला जातो. राहतो पाटोद्यात. तिथे अर्ज केला तर त्याला खरेपणाने 'मी इथे राहतो' असं लिहिता येणार नाही.

पण याच टोळीत पूर्वी असलेलं एक कुटुंब आहे, त्यांची गोष्ट वेगळी. गावचं घर पडलं, जमीन नव्हतीच, आणि ते कारखान्याच्या मागे कायमचेच राहिले. हंगाम संपला की तिथेच वीटभट्टीवर किंवा रोजंदारीवर. त्यांनी तिथेच नाव नोंदवायला हवं, आणि ते तसे पात्रही आहेत, भले छप्पर उसाच्या पाचटाचं असो. बेघर माणसालाही मतदार म्हणून नोंदवता येतं. त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नसतो. अर्जात दिलेल्या जागी बीएलओने रात्री जाऊन, एकाहून जास्त रात्री, तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं असतं. फुटपाथवर झोपणाऱ्यापर्यंत रात्री चालत जाणारी ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते. आणि म्हणूनच दिवसाढवळ्या बंद दिसलेल्या एका दारावर एवढा विश्वास ठेवला गेला, याचं दुःखही जास्त होतं.

म्हणजे दोन कुटुंबं, एकच काम, तीच कोपी, आणि दोघांचं उत्तर वेगळं. ठरवायचं ते माणूस परततो कुठे यावरून.

सुनावणी

सप्टेंबरमध्ये तहसीलला बोलावणं आलं. समोर नायब तहसीलदार, सहायक मतदार नोंदणी अधिकारी म्हणून. आम्ही कागदांचा गठ्ठा नेला होता. रेशनकार्ड, तो नमुना आठ, थोरल्याच्या दोन मुलांचे शाळेचे दाखले आणि हंगामी वसतिगृहाची नोंद. ग्रामसेवकाने दिलेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. आणि उचल घेताना मुकादमाने स्टॅम्पवर करून घेतलेला करार.

त्या शेवटच्या दोन कागदांनी काम केलं. ऊसतोड कामगारांची नोंद त्यांच्या मूळ गावीच व्हावी, म्हणून ग्रामसेवकाकडून ओळखपत्रं देण्याची योजना राज्य सरकारचीच. हा माणूस या गावचा रहिवासी असून ऊसतोडीला जातो, हे सरकारनेच लिहून दिलेलं. आणि मुकादमाचा करार तर पैसे बुडू नयेत म्हणून केलेला. त्यावर पत्ता गावचा. ज्याचे पैसे अडकलेत त्याला माणूस कुठे सापडतो हे अचूक माहीत असतं.

अधिकारी शांतपणे वाचत होते. त्यांनी काकूंना एकच प्रश्न विचारला, "सणाला कुठे असता?" काकू म्हणाल्या, "दिवाळी करून निघतो, पाडव्याला येतो. संक्रांत तेवढी फडात." त्यांनी मान डोलावली आणि चौघांच्या अर्जांवर शेरा लिहिला. सुनेचा नमुना ८ सुनावणीपर्यंत आलाही नाही. बीएलओ घरी येऊन तिला भेटून गेले होते आणि तो आधीच मंजूर झाला होता.

निघताना मी लेखी विनंती दिली : गावातल्या ज्या घरांतली माणसं ऊसतोडीला जातात त्यांची यादी ग्रामसेवकाकडून घ्यावी, आणि हिवाळ्यातल्या पुनरीक्षणात कुलूप दिसलं तर 'स्थलांतरित' लिहिण्याआधी त्या यादीशी ताडून पाहावं. पोचपावती मिळाली. गावापुरती ती यादी मीही वहीत करून ठेवली आहे, आणि नव्या बीएलओ बाईंना तिची एक प्रत दिली आहे.

२० नोव्हेंबर

ऑक्टोबरच्या यादीत पाचही नावं लागली. विधानसभेची उमेदवारी भरण्याची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. त्यानंतर त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावं घालता येत नाहीत. म्हणजे आम्ही काही दिवस राखून पोहोचलो होतो.

पण मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि गाळप हंगाम नोव्हेंबरच्या मध्यालाच सुरू होणार होता. भाऊबीज झाली आणि आठवड्याभरात ट्रक आला. मतदानासाठी भरपगारी सुट्टी देण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये आहे, कलम १३५ ख, रोजंदारीवाल्यांनाही. पण टनावर पैसे मिळणाऱ्या आणि उचलीने बांधलेल्या माणसाला ती कोण देणार? आणि दिली तरी तीनशे किलोमीटर जाऊन-येऊन दोन दिवस जातात. टपाली मतपत्रिका सैनिकांना मिळते, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना मिळते. ऊसतोड कामगाराला मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदानाचं यंत्र तयार केल्याचं जाहीर केलं होतं, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील असं. ते अजून प्रत्यक्ष निवडणुकीत आलेलं नाही. ते आलं तर पहिल्यांदा फडावर यावं, असं मला फार वाटतं.

काकू या वर्षी गेल्या नाहीत. गुडघे धरले होते, आणि थोरल्याची दोन्ही मुलं घरीच राहिली. त्यांच्या जागी धाकट्यासोबत सून गेली. २० तारखेला सकाळीच काकू मतदान करून आल्या आणि शाई लागलेलं बोट मला दाखवून गेल्या.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायची घाई चालली होती. मतदानाबद्दल ती काही बोलली नाही. तिने विचारलं, "बाई, मव्हं नाव हाय ना तिथं? आपल्या गावात?"

आहे म्हटलं. अनुक्रमांक सांगते, लिहून घे.

"थांबा," ती म्हणाली, आणि पेन मागायला कुणालातरी हाक मारली.